सिस्टरम्मांचा पाच बेडचा वार्ड

विद्यानगरच्या त्या घरात खोली बघायला गेले, तेव्हा घरमालकिणीनं मला पगार विचारला नाही, लग्नाचं विचारलं नाही, मटण-मच्छी खातेस का तेही विचारलं नाही. कुकरच्या किती शिट्ट्या करतेस, एवढंच विचारलं.

"तीन," मी म्हणाले.

"एकीवर भागव. घरात बाळंतिणी हायत."

मी आत डोकावून पाहिलं. पाळणा दिसेना, शेकशेगडीचा वास येईना. मागच्या व्हरांड्यातून नुसता घुमण्याचा आवाज येत होता. देगलूरहून बॅग घेऊन हैदराबादला आले होते, हिमायतनगरच्या एका इन्शुरन्स ऑफिसात दोन दिवसांनी रुजू व्हायचं होतं. बाळंतिणी असोत नाहीतर आणखी कुणी, मी हो म्हणून टाकलं.

बाळंतिणी म्हणजे होल्याच्या माद्या, हे दुसऱ्या दिवशी कळलं. आपल्याकडं तारेवर बसून घुमणारा भुरका होला सगळ्यांनी पाहिलेला असतो. ह्या त्याच्याच भाऊबंदांपैकी, पण दुधासारख्या पांढऱ्या आणि पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच वाढलेल्या. गल्लीतले लोक त्यांना फाख्ते म्हणत. मागच्या व्हरांड्याला जाळी मारून तिथं पाच पिंजरे ओळीनं लावले होते, प्रत्येकात एक जोडी, आणि प्रत्येकावर पत्र्याची पाटी: बेड नंबर एक, बेड नंबर दोन, असं पाचपर्यंत. टोकाला खोलीएवढी एक जाळी होती, तो मोठा वार्ड. आईबापापासून वेगळी काढलेली पोरं तिथं राहत.

बाईंनी एका सरकारी दवाखान्याच्या लेबर वार्डात चौतीस वर्षं नोकरी केली होती. शेवटची अकरा वर्षं सिस्टर इन्चार्ज. निवृत्त झाल्या, पण वार्ड काही सुटला नाही. त्या मूळच्या नांदेडकडच्या, नर्सिंग शिकायला हैदराबादला आल्या आणि इथल्याच झाल्या. लग्न केलं नव्हतं. दर पौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहारात जायच्या आणि तिथून परत येताना बाजरी घेऊन यायच्या. गल्ली त्यांना सिस्टरम्मा म्हणायची. मी पहिल्या दिवशी आपल्या रीतीनं मावशी म्हणून बघितलं.

"मावशी नको म्हणू. दवाखान्यात मावशी म्हणजे आया. मला सिस्टर म्हण."

सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला राऊंड. त्यासाठी कडक इस्त्रीची सुती साडी, खांद्याखाली उलटं टांगलेलं घड्याळ, आणि वार्डाच्या वेगळ्या चपला. प्रत्येक पिंजऱ्याला पुठ्ठ्यावर चार्ट अडकवलेला. अंडी कधी घातली, कधी फुटली, दाणा किती खाल्ला, शी कशी झाली. शेवटच्या रकान्यात त्या इतकं बारकाईनं लिहायच्या की तो वाचून झाल्यावर मला नाश्ता जात नसे. भेटीची वेळ चार ते पाच. माझे वडील देगलूरहून पहिल्यांदा आले ते सव्वापाचला. आयुष्यभर मास्तरकी केलेल्या माणसाला त्यांनी कोपरापर्यंत साबणानं हात धुवायला लावले आणि तरीही आत सोडलं नाही. वडील चिडले, पण परत जाताना मला म्हणाले, "इथंच राह. बाई खंबीर आहे."

पिल्लांना नावं ठेवायची नाहीत, हा कडक नियम. एका पिल्लाला मी लाडानं मोगरा म्हणाले, तर त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "नाव ठेवलं की घरी न्यावं वाटतं. चारचं थोरलं, चारचं धाकटं. बस."

पक्ष्यांतला नर हा त्यांचा खास कौतुकाचा विषय होता. होल्यांमध्ये सकाळी उन्हं वर आली की नर येऊन अंड्यांवर बसतो आणि दुपार कलेपर्यंत हलत नाही. बाकी सगळा वेळ मादी. पाळी बदलताना दोघं एकमेकांसमोर माना लववून घुमतात. सिस्टर त्याला हँडओव्हर म्हणायच्या. पिल्लं फुटल्यावर तर आई आणि बाप दोघांच्याही गळ्यात दुधासारखं काहीतरी तयार होतं आणि दोघंही ते पाजतात. पहिले आठ दिवस माणसानं पिल्लाला हात लावायचा नाही, आईबापाला दाणा आणि भाजून कुटलेली अंड्याची टरफलं द्यायची, की पिल्लाचं आपोआप होतं. "बाप दूध पाजतो बघ," त्या भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला दाखवायच्या. "चौतीस वर्षं वार्डाच्या दारात बाप लोक बघितले. पेढे घेऊन यायचे, आन पोरगी झाली की पेढे घेऊन परत जायचे."

पिल्लं तीन आठवड्यांची होतात न होतात तोवर मादी पुन्हा अंड्यांवर. मग तोच गुणी बाप थोरल्या पोरांच्या डोक्यात चोची मारायला लागतो. सिस्टर त्याला दोष द्यायच्या नाहीत. पोरं स्वतः दाणा टिपतात का, पाण्यात चोच नाकापर्यंत बुडवून एका दमात पितात का, हे सात दिवस बघायच्या आणि मग त्यांना मोठ्या वार्डात हलवायच्या. सात म्हणजे सात. सहाव्या दिवशी बापानं पोराला रक्त काढलं तरी मध्ये पुठ्ठा उभा करून सातवा दिवस काढायचा.

एका जोडीला वर्षात दोनच बाळंतपणं. तिसऱ्या खेपेची अंडी त्या हळूच उचलायच्या आणि त्यांच्या जागी खोटी ठेवायच्या. मोडलेल्या हाडाला लावतात त्या प्लॅस्टरची अंडी त्यांनी हातानं वळून, घासून केली होती. मादी पंधरा दिवस त्यांच्यावर भक्तिभावानं बसायची, मग कंटाळून उठायची. नुसती अंडी काढून घेतली तर आठवड्यात पुन्हा घालते आणि अंगातलं सगळं झिजवून घेते, असं त्यांचं म्हणणं. "पाळणा लांबवायलेय," त्या शेजारणीला सांगायच्या, आणि ती तेलुगू बाई गंभीरपणे मान डोलवायची.

पोरं मोठी झाली की डिस्चार्ज. ती विकायची नाहीत, द्यायची. पण कुणाला, ते त्या ठरवणार. एकदा गळ्यात दोन फोन अडकवलेला, लग्नसमारंभ सजवणारा एक तरुण आला.

"अम्मा, बीस फाख्ते होना. शादी में दुल्हा-दुल्हन उडाते."

"उडाके किधर जाते?"

"आसमान में, अम्मा."

"आसमान में दाना कौन डालता?"

सिस्टरनी त्याला बसवून चहा पाजला, पिंजऱ्यात वाढलेला पक्षी बाहेर दोन दिवस कसा जगत नाही ते नीट समजावलं आणि रिकाम्या हातानं पाठवलं. जाताना तो पाया पडून गेला. अशी माणसं मी नंतर फार पाहिली नाहीत, जी नकार देतात आणि समोरचा पाया पडतो.

पण त्यांचा खरा अभिमान वेगळाच होता, आणि कुठल्याही गप्पा शेवटी तिथंच येऊन थांबायच्या. "चौतीस वर्षं. एका पाळीत वीस-वीस बाळंतपणं. माझ्या हाताखालून एक लेकरू बदलून गेलं नाही." हे सांगताना त्या घड्याळाला हात लावायच्या. लेकराच्या मनगटाला आईच्या नंबरची पट्टी असते. ती भिजते, सुटते, बदलावी लागते. त्यांचा नियम असा की जुनी पट्टी काढायच्या आत नवी हातात पाहिजे, आणि एका वेळी एकच लेकरू.

होल्यांनाही पट्ट्या होत्या. सख्ख्या बहीणभावंडांची जोडी लागली तर पिल्लं दुबळी निपजतात. आणि मोठ्या वार्डात तर सगळेच पांढरे. नर घुमून मान लववायला लागेपर्यंत, म्हणजे पाचेक महिने, नर कोण नि मादी कोण तेही कळत नाही. म्हणून प्रत्येक पिल्लाच्या पायात त्याच्या बेडच्या रंगाचा लोकरीचा धागा. दोन नंबरचा निळा, पाच नंबरचा पिवळा. बाजारातल्या प्लॅस्टिकच्या कड्यांवर त्यांचा भरवसा नव्हता. धागा दर तिसऱ्या दिवशी बघायचा, सैल करायचा, मळला की बदलायचा.

बेगम बाजारात मसाल्याचं दुकान असलेले एक साठीचे गृहस्थ वर्षभर ह्याच खात्रीसाठी थांबले होते. माणूस मराठी, बीदरकडचा. गुडघ्यांमुळं त्यांच्या बायकोचं घराबाहेर पडणं बंद झालं होतं, तिला सोबत म्हणून त्यांनी दोनदा बाजारातून जोडी आणली. दोन्ही वेळा पिल्लं फुटली ती वाकड्या पायांची. पिल्लू गेलं की ती बाई दोन-दोन दिवस जेवायची नाही. सिस्टरनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "भाऊ-बहीण बांधून दिले असतील तुम्हाला. थांबायची तयारी असंल तर मी लिहून देते." ते थांबले. मोठ्या वार्डात दोन नंबरची दोन आणि पाच नंबरची दोन पोरं वयात येत होती. त्यांतली एक जोडी ह्यांची ठरली.

त्याच सुमारास सिस्टरच्या भावाचं नांदेडला ऑपरेशन निघालं. चार दिवसांसाठी वार्ड माझ्या हातात आला. त्यांनी दोन पानं भरून सूचना लिहिल्या आणि किल्ली दिली. त्यांच्याकडं आधी तीन भाडेकरू होऊन गेले होते. किल्ली कुणाला मिळाली नव्हती. मी ऑफिसात सगळ्यांना सांगून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या वार्डात त्या वयात आलेल्या चौघांपैकी एक पक्षी एका पायावर बसलेला दिसला. धाग्यात काथ्याचा तंतू अडकून पीळ बसला होता, बोटं सुजून निळी पडली होती. मी नखं कापायची कात्री आणून धागा कापला. मग बघते तर बाकीच्या तिघांच्याही धाग्यांत काथ्या. भीतीच्या भरात मी एकामागून एक तिघांचेही कापले, चौघांना टोपलीत घालून वर फडकं टाकलं आणि नवी लोकर आणायला आत गेले. निळी आणि पिवळी गुंडी घेऊन परत आले, फडकं उचललं, आणि चार पांढऱ्याशुभ्र माना माझ्याकडं वळल्या.

दुखऱ्या पायाचा धागा कुठल्या रंगाचा होता तेही आठवेना. तो मळून आणि रक्तानं काळा झाला होता. बाकीचे तुकडे जमिनीवर एकत्र पडले होते. मग दोन पक्षी एकमेकांना चिकटून बसले होते ते भावंडं असणार, असं मी ठरवून टाकलं. त्यांना निळा बांधला, उरलेल्यांना पिवळा.

सिस्टर आल्या त्या थेट राऊंडला. पाय बघितला, बोटं हलवून बघितली, मलम लावलं. "पाय वाचवलास," म्हणाल्या, आणि चार्टवर तसं लिहिलंसुद्धा. वर्षभरात त्यांच्या तोंडून माझ्यासाठी निघालेलं ते पहिलं बरं वाक्य. त्यानंतर धाग्यांचं सांगायला माझी जीभ उचलेना. आज सांगू, उद्या सांगू करत तीन दिवस गेले. ऑफिसात बसल्या जागी वाटायचं, कुणाला कळणार आहे? आणि अंदाज बरोबरही असेल की.

रविवारी चार वाजता बेगम बाजारचे गृहस्थ नवा धुतलेला पिंजरा घेऊन आले. सिस्टरनी निळ्या धाग्याचा नर काढला, पिवळ्या धाग्याची मादी काढली. कार्डावर लिहिलं: बेड दोनचा नर, बेड पाचची मादी, सख्खे नाहीत. खाली सही करायला पेन टेकवणार, तेवढ्यात माझ्या तोंडून निघालं.

"सिस्टर, सही नका करू."

त्यांनी मान वर केली. मी सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, चौकशी केल्यासारखं विचारत गेल्या.

"चौघांचे एकदम कापलेस?"

"हो."

"नवा धागा हातात होता?"

"नाही."

"मग बांधलेस कशावरून?"

"अंदाजानं."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मी विचारलं, "आईबाप ओळखणार नाहीत का आपली पोरं?"

"पाच महिन्यांनी? बाप तर चोच मारंल."

गृहस्थांचा चेहरा उतरला. "जाने दो, सिस्टरम्मा. दिसायला तर सगळे एकसारखेच. घरात ती सकाळपासून दाराकडं बघत बसलीये. द्या तसेच."

"तुमच्या बायकोला तिसऱ्यांदा रडवायला सही करू का मी?"

मग ते माझ्याकडं वळले. "हिनं केलं हे?"

"वार्ड माझाय," सिस्टर म्हणाल्या. "माझ्या वार्डात झालं ते मी केलं. आजपर्यंत सांगत आले, एक लेकरू बदललं नाही म्हणून. आता सांगता येणार नाही. बदललं, हे पहिल्यांदा तुम्हालाच सांगते."

गृहस्थ उठले. पाणी प्यायले आणि रिकामा पिंजरा घेऊन गेले. मी व्हरांड्यातच उभी होते. दोन्ही डोळे वाहत होते आणि पुसायचं धाडस नव्हतं. चौतीस वर्षं सांभाळलेली एक गोष्ट मी नखं कापायच्या कात्रीनं कापली होती.

मग मी वर माझ्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. सहाला वर हाक आली. "राऊंडला चल."

मी खाली गेले. त्यांनी माझ्या हातात पांढऱ्या लोकरीची गुंडी दिली. निळे-पिवळे सगळे धागे काढायचे, चौघांना एकच रंग. आता कोण कुणाचं ते कळत नाही, म्हणजे चौघंही सख्खी धरायची. एकमेकांत जोडी लावायची नाही, दुसऱ्या बेडच्या पोरांशी चालेल. एक नंबरची पोरं तीन महिन्यांची आहेत, त्यांच्यात मादी निघाली की बेगम बाजारला देता येईल. असं सगळं सांगून त्या स्टुलावर बसल्या. मी नवा धागा हातात घेतला, एक पक्षी धरला, जुना काढला, नवा बांधला, सोडला. मग दुसरा धरला. त्या बघत होत्या.

चौथ्याला सोडल्यावर म्हणाल्या, "खोटा धागा बांधलास, ते मी विसरणार नाही. पण पेन टेकायच्या आत बोललीस. माझ्या हाताखाली किती पोरी आल्या. चुकायच्या सगळ्याच, मी बी चुकायचे. सही झाल्यावर बोलणारी ड्यूटीवर ठेवली नाही मी. आजपासून धागे तुझ्याकडं."

पुढचे दोन महिने मी धागे बघितले. खरं सांगायचं तर ऑफिसात मी इतकं मन लावून काही केलं नाही. पावसानं बस अडकली तरी सहाच्या राऊंडला चिखलाच्या पायांनी पळत यायचे, आणि पाय धुवून मगच आत जायचे. एक नंबरच्या दोघांतलं धाकटं मादी निघालं. सिस्टरनी बेगम बाजारला निरोप पाठवला.

ह्या खेपेला ते बायकोला घेऊन आले. ती माउली ऑटोतून उतरून दारापर्यंत यायला दहा मिनिटं लागली. पिंजरा तिनं मांडीवर घेतला आणि मग आजूबाजूला कोण आहे ते ती विसरून गेली. सिस्टरनी कार्ड लिहिलं: पांढऱ्या धाग्याचा नर, बेड एकची मादी, सख्खे नाहीत. आणि कार्ड माझ्याकडं फिरवलं.

"धागे दोन महिने कोण बघायलं?"

"मी."

"मग सही माझी कशी चालंल?"

गृहस्थ चपापले. "सिस्टरम्मा, तुमची असती तर…"

"हिचीच चालती. काही झालं तर हिला विचारा."

मी सही केली. अक्षर वेडंवाकडं आलं. त्या बाईंनी कार्ड डोळ्यांजवळ धरून माझं नाव एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचलं.

आता सिस्टरचं वय झालंय. दोनच बेड ठेवलेत, आणि माझी बदली होऊन मी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते. पण तिथं राहत असतानाची एक दुपार मला आजही लख्ख आठवते. मी सुट्टीवर होते, सिस्टर सुपात बाजरी निवडत बसल्या होत्या. फोन वाजला. त्यांनी उचलला, ऐकलं, आणि म्हणाल्या, "थांबा, इन्चार्जला देते."

आणि फोन माझ्यापुढं धरला.

बेगम बाजारच्या गृहस्थांचा होता, सांगत होते: दोन पिल्लं फुटलीत, बारा दिवसांची झालीत. पाय सरळ आहेत, दोघांचेही. आई-बाप दोघं पाजतायत. घरात ती जेवतीये, कालपासून मला पण जवळ जाऊ देत नाही, म्हणते हात धुऊन या. मी एकेक वाक्य मोठ्यानं परत म्हणत गेले, सिस्टरना ऐकू जावं म्हणून. त्या माझ्याकडं पाठ करून बसल्या होत्या आणि निवडतायत असं दाखवत होत्या, पण सूप केव्हाचं थांबलं होतं.

मला नंतर बढती मिळाली, खुर्ची मिळाली, टेबलावर नावाची पाटी मिळाली. पण तो फोन कानाला लावून मी जशी ताठ उभी राहिले होते, तशी त्यानंतर कधी उभी राहिले नाही.